कायेंटातले बारा

आमचं मोटेल चालतं ते पेज गावाच्या जोरावर. लोक इथं मुक्काम ठोकतात आणि रोज सकाळी वेगळ्या दिशेला सुटतात. आज झायनची दरी, उद्या मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके. संध्याकाळी परत येऊन माझ्या पांढऱ्या टॉवेलांना लाल माती पुसतात. त्यांना फिरवून आणायचा तो माझा नवरा, वेंडेल. गाडी त्याची, रस्ते त्याचे आणि घड्याळही त्याचंच.

उन्हाळ्यात इथले मूळनिवासी नावाहो लोक आपल्या भागातलं घड्याळ एक तास पुढे करतात, आम्ही करत नाही. आमचे अकरा म्हणजे तिकडे, मॉन्युमेंट व्हॅलीच्या वाटेवरच्या कायेंटात, बारा. हद्द ओलांडली की सगळे मुकाट्यानं काटे फिरवतात. वेंडेल कधीच नाही. हट्टात त्याला भारी पडेल असं एकच माणूस होतं, आमची लेक जोलीन.

तिनं कायेंटातल्या हॅरिसनशी लग्न केलं. वेंडेल लग्नाला पेजच्या वेळेनं पोचला, तेव्हा हॅरिसनच्या मावश्या ताटं उचलत होत्या.

"माझ्यासाठी एक तास नाही सोडवला तुम्हाला, बाबा?" जोलीन सगळ्यांदेखत म्हणाली.

"लग्न तुझं होतं. घड्याळ माझं आहे," हा म्हणाला.

तिथून बोलणं बंद. नात झाली, शांडीन. तीही यानं फोटोतच पाहिली.

मग सप्टेंबरात हॅरिसनला अलास्कात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी जोलीननं मोटेलच्या फोनवर निरोप ठेवला. "बाबा, उद्या पाहुण्यांना घेऊन इकडे येताच आहात, तर कायेंटातल्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात या. बारा वाजता. शांडीनला आणते. तिथूनच आम्ही विमानतळावर जाऊ."

वेंडेलनं तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. सकाळी मी चिडवलं, "नात बघायला चाललायस की नवरी?" तो नुसता हसला. मग माझ्यासमोरच त्यानं घड्याळाचे काटे एक तास पुढे केले. मला इतका आनंद झाला, की मी तोंडातून अक्षर काढलं नाही. वाटलं, बोलले तर परत मागे करेल.

संध्याकाळी आला आणि टोपीही न काढता बसला. "आली नाही. पाऊण तास बसलो. पाहुणे कुरकुरायला लागले."

मी जोलीनला फोन लावला. लागला नाही, विमानात असणार.

"राहू दे," तो म्हणाला. "तिला यायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी झायनला पाहुणे पायी फिरत असताना, तो गाडीत बसल्या जागी गेला. हृदय थांबलं म्हणाले.

जोलीन पोचली ती थेट चर्चमध्ये. दफनानंतर सगळे चीज घातलेले बटाटे वाढून घेत होते. ती शांडीनला मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसली.

"आज बोलू नये, आई. पण शेवटचं एकदा तरी यायचं होतं गं त्यांनी."

"आला होता की! बाराला. तुमच्या बाराला. काटे फिरवून गेला होता."

तिनं शांडीनला मांडीवरून खाली ठेवलं.

"मी बाबांचे बारा धरले होते," ती म्हणाली. "म्हटलं, या वेळी आपणच नमतं घ्यावं. आमच्या एक वाजता गेले गं मी."

माझ्या हातातली बशी कोणीतरी काढून घेतली.

"म्हणजे मी आलेच नाही, असं समजून गेले बाबा?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ती माझ्या डोळ्यांत बघून विचारत होती.

"हो," मी म्हणाले.