कुणी न शिकवलेला शब्द

मी कोटोनू शहराची. माझं नाव सेनामी. उझोंदू शेजारच्या देशातला, इग्बो जमातीचा. आमच्याकडच्या बाजारात मोटारींचे सुटे भाग विकायचा, तिथेच आमची ओळख झाली. लग्नाचा विषय निघाला तेव्हा माझ्या मावश्यांनी मला भरपूर घाबरवलं. इग्बो सासू म्हणजे काय असते, गावची माणसं कशी छळतात, देण्याघेण्यावरून कशी अडून बसतात, सगळं ऐकवून झालं. प्रत्यक्षात सासूबाईंनी पहिल्याच भेटीत माझे दोन्ही हात हातात घेतले आणि त्या रडल्या. बोलणी करायला आलेले त्याचे काका तर कशावरच अडले नाहीत. आमच्यात देणं मुलाकडून असतं, माझे वडील मागतील त्याला ते हो म्हणत गेले, शेवटी वडीलच ओशाळले. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाची ही माणसं.

लग्नानंतर आम्ही त्याच्या देशात, एनुगू शहरात आलो. तोपर्यंत मला येत होती माझी मायबोली आणि फ्रेंच. उझोंदू म्हणाला, "तू इंग्लिश शिक. तेवढं पुरे." मी शिकले, शाळेत फ्रेंच शिकवायची नोकरीही धरली. पण जीव जडला तो त्याच्या मायबोलीवर, इग्बोवर. मुलगी झाली, झिमुझो, तेव्हा सासूबाई गावाहून आल्या आणि महिनोन्‌महिने राहिल्या. मला गरम पाण्याने शेकता शेकता, कडू पाला चोळून धुता धुता त्यांनी मला बोलायला शिकवलं. आधी भांडी, मग भाज्या, मग नाती, आणि शेवटी शिव्या. एकच शब्द वरच्या सुरात एक आणि खालच्या सुरात भलताच. एकदा चर्चमध्ये मी उभी राहून सासूबाईंना बळ मिळो अशी प्रार्थना केली, पण सूर घसरला आणि बळाऐवजी कुल्ले मागितले गेले. पाद्रीबाबांनी पुस्तकात तोंड लपवलं. सासूबाई घरी येईपर्यंत हसत होत्या. "मागितलेस ते बरं केलंस," म्हणाल्या, "म्हातारपणी तेही आटतात."

उझोंदूला मात्र या सगळ्याचं कौतुक नव्हतं. माझ्याशी तो फ्रेंच बोलायचा, मुलीशी इंग्लिश. मी झिमुझोला इग्बोत गोष्ट सांगायला लागले की तो उठून बाहेर जायचा. "कशाला तिच्या डोक्याला ताप?" म्हणायचा. मला वाटायचं, शहरात राहून माणसाला आपल्याच बोलीची लाज वाटते, तसलं काहीतरी असेल. मी त्याला चिडवायचे, "तुझ्यापेक्षा मीच जास्त इग्बो आहे." तो हसायचा नाही.

दर ऑगस्टमध्ये गावच्या सगळ्या सुना कुठून कुठून परत येतात आणि त्यांची सभा भरते. मला जायचं होतं. पण दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी गाडी बिघडलेली, कधी सासूबाईंचे गुडघे. त्या वर्षी मी ऐकलं नाही. सभेचं ठरलेलं कापड आणून शिवून घेतलं, त्याच कापडाचं डोक्याला बांधलं आणि गाडीत जाऊन बसले. उझोंदूने मुकाट्याने गाडी काढली. मी सभेत असेन तेव्हा मुलीला बघायला म्हणून तोही राहिला.

पहिला दिवस असा गेला की मला आनंदाने झोप येईना. तिथे सून एकट्या नवऱ्याची नसते, सगळ्या गावाची असते. म्हणून बायकासुद्धा मला "आमची बायको" म्हणूनच हाक मारत होत्या. "आमची बायको, इकडे बस." "आमची बायको, तू हे खाल्लंस का?" मी बोलायला तोंड उघडलं की आजूबाजूच्या चार जणी ऐकायला वळायच्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये अध्यक्षबाईंनी विषय काढला. पुढच्या महिन्यात आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या बायकांचा मेळावा होता, तिथे आपल्या गावाच्या वतीने कोण बोलणार?

"ही बोलेल की," मधल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "हिचं इग्बो ऐकलंत ना? आमच्या लेकी दोन वाक्यं बोलल्या की तिसरं इंग्लिशमध्ये."

"खरंच की. परक्या देशातली पोरगी बोलली म्हणजे बाकीच्या गावांची तोंडं बघण्यासारखी होतील."

हशा पिकला, टाळ्या पडल्या. मी उठून उभी राहिले. माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी माझं कापड खाली ओढलं. बस, अशा अर्थी. मला वाटलं, भिडस्तपणा.

मागच्या रांगेत एकेम्मा नावाची म्हातारी होती. ती म्हणाली, "थांबा जरा. दुसरी कुणी नाही का गावात?"

"का हो मावशी? पोरीत काय वाईट आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पोरगी चांगलीच आहे. घर कुठलं ते बघा. उद्या चार गावं म्हणतील, यांना बोलायला ओसूच मिळाली."

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आणि नवा शब्द कानावर पडला की तिथल्या तिथे विचारायचा, ही माझी सवय. बाजारात, बसमध्ये, कुठेही. लोकांना त्याचं कौतुकच वाटायचं. मी हसत मागे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मावशी, ओसू म्हणजे काय? हा मला कुणी शिकवलाच नाही."

हॉलमध्ये वारा घालणारे हात थांबले. एका बाईने आपल्या मांडीवरच्या बाळाचं डोकं छातीशी दाबून धरलं, जणू त्याने ऐकू नये. एकेम्मा खाली बघायला लागली. काल मला जेवणाचा आग्रह करणाऱ्या बायकांपैकी एकही माझ्याकडे बघत नव्हती. माझं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं आणि ते कसं काढून टाकावं मला कळेना. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या होत्या. दाराकडे चालू लागल्या होत्या.

रस्ताभर त्या माझ्या पुढे चालल्या. मी दोनदा "आई" म्हणून हाक मारली, वळल्या नाहीत. अंगणात उझोंदू गाडी धूत होता.

"तुझ्या बायकोने सभेत विचारलं," सासूबाई त्याला म्हणाल्या.

"काय विचारलं?"

"तेच."

त्याने नळ बंद केला. झिमुझोला शेजारच्या कोंबड्या बघायला पाठवलं. मग आम्ही तिघं ओसरीत बसलो आणि सासूबाईंनी मला तो शब्द शिकवला. जशी भाज्यांची नावं शिकवली होती तसाच, सावकाश.

"माझ्या सासऱ्यांच्या आजोबांना कुणीतरी देवाला वाहिलं होतं. नवस फेडायला बकरा देतात ना, तसा जिता माणूस. त्याने देवळाजवळ राहायचं, त्याला कुणी शिवायचं नाही. त्याच्या पोरांनाही नाही, नातवंडांनाही नाही. पुढे ते देऊळ गेलं, चर्च आलं, सरकारने कायदा केला. आता एका बाकावर बसतात, आमच्या हातचं खातात. पण मुलगी देत नाहीत आणि आमची करून घेत नाहीत. आमचे आम्हीच. मीसुद्धा तसल्याच घरातली."

"आणि मी?"

"तू लग्न करून आमच्यातली झालीस." जरा थांबून म्हणाल्या, "तुझी मुलगीसुद्धा."

मी उझोंदूकडे वळले. तोंडातून शब्द फ्रेंचमध्ये आले.

"तू माझ्याशी लग्न का केलंस?"

"तू आवडलीस म्हणून."

"त्याच्या आधी?"

"आधी एक होती. पलीकडच्या गावातली. आमचं सगळं ठरल्यासारखं होतं. मग तिच्या वडिलांनी घराण्याची चौकशी केली. तिने मला नंतर रस्त्यातही ओळख दाखवली नाही." तो हाताला लागलेला साबण पँटला पुसत होता. "तेव्हा मी ठरवलं, इकडची मुलगी बघायचीच नाही. धंदा कोटोनूला नेला तो त्यासाठीच."

"म्हणजे चौकशी न करणारं घर हवं होतं तुला."

मला माझ्या लग्नाची बोलणी आठवली. मागतील ते देणारे काका. माझे हात धरून रडणारी सासू. मी ज्याला मोठं मन समजले होते ते सगळं दुसरंच काही होतं, आणि मी एकटीच ते न कळता सात वर्षं खुशीत वावरत होते.

"मला सांगितलं असतंस तरी मी तुझ्याशी लग्न केलं असतं," मी म्हणाले. "पण तू मला तसं म्हणायची संधीच दिली नाहीस."

"मला वाटलं, तुला कधीच कळणार नाही. तुला इग्बो येत नव्हतं. मग तू शिकायला लागलीस. या भाषेत आम्हाला हाक मारायला एक शब्द आहे, सेनामी. तो माझ्या पोरीच्या कानावर पडू नये एवढंच मला हवं होतं. आणि तू रोज तिला एकेक शब्द भरवत होतीस."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही. आत जाऊन पलंगावर बसून राहिले. खिडकीतून झिमुझोचा आवाज येत होता, ती कोंबडीला इग्बोत रागावत होती.

सभेचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. मी जाणार नव्हते. सकाळी उठून बघते तर सासूबाई सभेचं कापड नेसून, डोक्याला बांधून ओसरीत तयार.

"चल," म्हणाल्या.

"आई, कशाला?"

"चल म्हणते ना."

उझोंदू दारात आडवा आला. "आई, झालं तेवढं पुरे."

"तू बाजूला हो. ही बायकांची सभा आहे."

आम्ही आत शिरलो तेव्हा चर्चच्या छपराच्या पत्र्यांचा विषय चालला होता. सासूबाई बसल्याच नाहीत. त्यांनी सभेत कधी तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अध्यक्षबाई बोलता बोलता थांबल्या.

"काल माझ्या सुनेने तुम्हाला एक प्रश्न विचारला," सासूबाई म्हणाल्या. "ती परकी आहे, तिला माहीत नव्हतं म्हणून विचारलं. तुम्हाला माहीत आहे. मग सांगा तिला. मी घरी सांगितलंय, पण मी त्या घरातली, माझं खरं कशावरून? तुम्ही सांगा. माझ्यासमोर सांगा."

मग त्या मागच्या रांगेकडे वळल्या.

"एकेम्मा, तुझा नवरा गेला तेव्हा मी तुझ्याबरोबर चटईवर बसले होते. तेव्हा मी कोण होते?"

एकेम्माने तोंडावर हात घेतला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बसा आई, बसा. हा विषय आपला नाही." मग त्या परत पत्र्यांकडे वळल्या. मेळाव्यात कोण बोलणार ते पुन्हा कुणी काढलंच नाही. नंतर दुसरीच कुणी जाऊन बोलून आली म्हणे.

आम्ही शेवटपर्यंत बसलो. भात वाटला तो खाल्ला. घरी येताना वाटेत सासूबाई एका सिमेंटच्या ठोकळ्यावर बसल्या. मी खाली बसून त्यांच्या पोटऱ्या चोळल्या. त्या म्हणाल्या, "मी फार घाबरले होते गं." मग आम्ही दोघीही रडलो.

मला वाटलं, आता वाईट व्हायचं ते होऊन गेलं. पण ते अजून व्हायचं होतं. एनुगूला परतल्यावर दहा-बारा दिवसांनी उझोंदूची चुलत वहिनी आमच्या दारात उभी. पाणीही घेतलं नाही तिने.

"माझ्या लेकीचं, सोचिमाचं, लग्न मोडलं," ती म्हणाली. "लांबचं स्थळ होतं, त्यांना काही माहीत नव्हतं. तुमच्या सभेची बोंब त्यांच्यापर्यंत गेली. कुणी विचारलं होतं तुला विचारायला?"

त्या शनिवारी मी एकटी गावी गेले आणि सोचिमाला भेटले. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, चुलीपुढे यामचा कंद भाजत होती. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "काकू, तुम्ही विचारलंत त्यात काही चूक नाही. मीच त्याला सांगणार होते, धीर होत नव्हता. पण तुम्ही विचारून एनुगूला जाता. मी इथेच राहते." तिने भाजलेल्या यामचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तिथेच बसून तो खाल्ला.

सोचिमा आता आमच्याकडे राहते, नर्सिंगचं शिकते. तिची आई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. उझोंदूवरचा माझा राग पुरता गेलेला नाही. कधी जेवताना एकदम वर येतो, मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाते, आणि तो मागे येत नाही. इतपत तो शिकला आहे. झिमुझोला अजून सांगितलेलं नाही. कोण सांगणार आणि केव्हा, यावरून आमचं भांडण चालू असतं. सासूबाई म्हणतात, ते मी सांगेन, मरायच्या आधी.

ऑगस्ट जवळ आला की त्या मला विचारत नाहीत. दोघींचं कापड एकदमच आणायला सांगतात.