पाण्याचं विरजण

चहाच्या गाळणीत तिसरा मासा उताणा आला, तेव्हा छकुलीनं रडायचंही सोडून दिलं होतं.

"आई, आता नको आणूस," ती म्हणाली. "तू आणलेस की मरतात."

आई इस्पितळात सिस्टर होती. तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. नवजात बाळांच्या वॉर्डात तिच्या हाताला गुण आहे, असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे. मुठीएवढी बाळं काचेच्या पेटीत जगवून तिनं आयांच्या मांडीवर दिली होती. आणि घरच्या काचेच्या पेटीत बोटाएवढा मासा तिच्याच्यानं जगू नये?

चूक असलीच तर स्वच्छतेत, अशी तिची खात्री. म्हणून दर मरणानंतर ती टाकी रिकामी करायची, काच घासायची, खडे उकळायची, फिल्टरचा स्पंज पांढराफेक होईस्तोवर पिळायची.

"हिचं चाललं असतं ना," लसूण सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "तर आल्या पाहुण्यालाही उकळून घेतलं असतं!"

"थट्टा नका करू. पोर काय बोलली ते ऐकलंत ना?"

सासूबाईंनी लसूण बाजूला सारला. "ऊठ. दुकानात विचारून येऊ. विचारायला कसली आलीय लाज?"

शोभेच्या माशांच्या दुकानात टाक्यांच्या काचा हिरवट होत्या, तळाशी गाळ होता. सिस्टरनं नाक मुरडलं. दुकानवाली मात्र सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसली.

"खडे उकळलेत? अहो ताई, मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचं विष होतं. ते पचवणारे जंतू खड्यांवर, स्पंजात घर करून असतात. तुम्ही दर खेपेला त्यांचंच घर मोडताय."

"जंतू?" सिस्टरनं हा शब्द इतक्या मायेनं उच्चारलेला कधी ऐकलाच नव्हता.

"अगं, विरजण!" सासूबाई म्हणाल्या. "भांडं लख्ख घासलंस, पण कालचं चमचाभर दही राखलंच नाहीस, तर दूध विरजणार कसं?"

दुकानवाली खळखळून हसली. आपल्या जुन्या टाकीतला तपकिरी, बुळबुळीत स्पंज तिनं पाण्यासकट पिशवीत घातला. "हे घ्या विरजण. मासा एकच न्या. पाणी गढूळ होईल, घाबरू नका. मधूनमधून थोडंसंच बदला, तेही बादलीत रात्रभर ठेवलेलं. बाकी हात लावायचा नाही."

आणि पाणी खरंच गढूळ झालं, तांदळाच्या धुवणासारखं. मासा कोपऱ्यात खिळला. छकुली दारातूनच बघायची, जवळ येईना. एका संध्याकाळी सिस्टरचा धीर सुटला. सकाळीच थोडं पाणी बदललं होतं, तरी बाह्या सारून, बादली घेऊन ती उभी राहिली.

सासूबाईंनी तिच्या हातातून बादली काढून घेतली.

"बस इथं."

"अहो आई, पण काहीतरी करायला हवं..."

"काही करू नकोस. आणि गेलाच तो, तर पोरीला मी सांगेन, आजीनं अडवलं म्हणून. माझ्यावर रुसेल चार दिवस. मला चालतंय."

सिस्टर मटकन बसली. 'सिस्टर, काहीतरी करा हो!' हे ती आयुष्यभर ऐकत आली होती. काही करू नकोस, असं तिला आजवर कुणीही म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. सासूबाईंनी तिकडे पाहिलंच नाही, त्या माशावर नजर लावून बसल्या.

पुढच्या आठवड्यात ती ड्यूटीवरून परतली, तर छकुली टाकीला नाक लावून उकिडवी बसलेली. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "आई, हळू. तो जेवतोय."

पाणी निवळलं होतं. मासा वर येऊन एकेक कण टिपत होता. शेजारच्या खुर्चीत सासूबाई बसल्या बसल्याच झोपल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मुठीत खाद्याची पुडी. सिस्टरनं त्यांचा चष्मा अलगद काढला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून राहिली.