बंदर ज्याचं, पाणी त्याचं

नागपुरात समुद्र नाही म्हणून इथे कधी आरमारं भिडली नाहीत, असं ज्याला वाटतं त्याने आमच्या शिंगाड्याच्या तलावावर जाऊन विचारावं. तलाव आता बुजला, ही गोष्ट वेगळी.

जर्मनीची पहिली लढाई चालू होती. तलावाच्या पूर्वकाठी चंपतराव, पश्चिमकाठी त्यांचे व्याही रुपराव. दोघांचे शिंगाड्याचे वेल, दोघांचे डोंगे. इंग्रजांनी जर्मनांचा दर्या अडवला हे घाटावर कुणीतरी वाचून दाखवलं, आणि दुसऱ्याच दिवशी रुपरावांनी पाण्यात बांबू रोवून हद्द घातली. चंपतरावांनी त्याच्या दोन हात पुढे आपली घातली. डोंगे समोरासमोर उभे राहिले. बदकंसुद्धा विचारून पोहू लागली.

यात अडकली पुष्पलता. चंपतरावांची लेक, रुपरावांची सून. बाळंतपणाला माहेरी आलेली. लेकरू हसायला लागलं, तरी बापाने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. काठाकाठाने चालत गेली असती तर पान चघळून होईपर्यंत पोचली असती. पण चंपतराव म्हणत, पाण्यानं आली, पाण्यानंच जाईल. पायी पाठवली म्हणजे हक्क सोडला. रुपराव म्हणत, पायी आली तरच उंबरा ओलांडू देईन.

तंटा नायब तहसीलदार मधुसूदनपंतांपुढे गेला. ते रत्नागिरीचे. म्हणाले, ज्याचं बंदर असेल त्याची नाव जाईल. उद्या येऊन पाहतो.

आता रत्नागिरीत बंदर म्हणजे जिथे जहाजं लागतात ते. आमच्या नागपुरात बंदर म्हणजे झाडावरून शेपूट सोडून बसतं ते. झालं, दोन्ही काठांची माणसं चिंचेवर चढली. रुपरावांची ओरबाडून घेऊन रिकामी परतली. चंपतरावांनी मदाऱ्याचं पाळलेलंच आणलं, त्याला आंघोळ घातली, कुंकू लावलं आणि घाटावर बांधलं.

सकाळी साहेब यायच्या आत पुष्पलतेने ते सोडलं, डोंग्यात बसवलं, लेकरू पोटाशी बांधलं आणि निघाली. चंपतराव मागून हाका मारत राहिले. मधोमध रुपराव डोंगा आडवा घालून उभे.

"मागं फिर वं, पुष्पे."

"मामाजी, साहेबाचा हुकूम हाय. बंदर माह्याजवळ हाय. हटा."

रुपरावांनी बंदराकडे पाहिलं, मग लेकराकडे. नाक हुबेहूब त्यांचंच, फेंदारलेलं.

"याले ऊन लागून राहिलं ना वं," ते पुटपुटले, आणि स्वतःच बांबू उपटू लागले.

साहेब आले. बंदर दाखवा म्हणाले. चंपतरावांनी हात जोडले. "साहेब, ते व्याह्याकडे गेलं. जेवून राहिलं."

साहेबांना उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा ते पायरीवर बसून पगडी पडेस्तोवर हसले, आणि उठताना निकाल देऊन गेले, की जे बंदर वाटेल तिकडे जेवायला जातं, त्याच्या पाण्याला हद्द घालता येत नाही. दोघांनी खुशाल डोंगे न्यावेत.

चंपतराव त्याच पाण्याने व्याह्याकडे गेले. जावई लेकराला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होता. खाली ठेवायला तयारच नव्हता. आत चंपतरावांसाठी मांडलेल्या पाटावर बंदर बसलं होतं.

चंपतराव शेजारी बसले आणि आपल्यापुढची पुरणपोळी अर्धी मोडून त्याच्या पानात ठेवली.