ट्रेलरमध्ये आई

आमच्या घरात भीत्या वाटून घेतलेल्या आहेत. आईकडे घाट आहे, बाबांकडे गॅस सिलिंडर. बाकीचं सगळं माझ्याकडे. लग्न होऊन रुचा घरात आली तेव्हा तिच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं, म्हणून तिने ट्रेलर घ्यायचं ठरवलं.

ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडायची खोली. दोन चाकं, आत गादी, मागचं झाकण उघडलं की छोटा ओटा. रस्ता संपतो तिथे न्यायचा आणि आत झोपायचं. मला रस्ता असतानाही झोप लागत नाही, हा मुद्दा मी मांडला. त्यावर चर्चा झाली नाही.

आधी आम्ही पुण्यात एक बघितला. त्यात शॉवर होता, फ्रिज होता, छताला तारे बघायची काच होती. सेल्समन म्हणाला, "सर, अगदी घरच्यासारखं वाटेल." घरी मला बऱ्यापैकी भीती वाटते, त्यामुळे तो खरं बोलत असावा. रुचा मात्र जमिनीला गाल लावून ट्रेलरचं पोट बघत होती.

"पहिल्याच दगडावर घासेल," ती उठत म्हणाली. "हा लॉनवर उभा करायचा ट्रेलर आहे."

"आपण लॉनवर जाऊ की."

तिने माझ्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली मागितली.

मग नगरच्या एमआयडीसीत मच्छिंद्र सापडला. त्याचा धंदा उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. रुचाने त्याला ऑफ-रोड म्हणजे काय ते समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग आमच्या समद्या ट्रॉल्या ऑफ-रोडच हायेत म्याडम," तो म्हणाला. "कारखान्याला रस्ता कुटं हाय?"

तिथेच ठरलं. ट्रेलर उंच झाला, दणकट झाला, आणि मागच्या झाकणावर न विचारता दोन मोर आले, कारण ट्रॉली म्हटलं की मोर असतोच. ताब्यात देताना मच्छिंद्रने जोडणी दाखवली. गाडीच्या मागच्या जबड्यात ट्रेलरची दांडी शिरते. वरून आरपार एक जाड पिन सोडायची. पिनेच्या खालच्या टोकाला भोक आहे, त्यात तारेची एक क्लिप.

"क्लिप कशाला?" मी विचारलं.

"खड्ड्यात पिन वर उडती. क्लिप असली की उडत न्हाई."

"आणि नसली की?"

"उडती."

रुचाने सुरक्षेच्या साखळीचं विचारलं. मच्छिंद्रने अभिमानाने दाखवलं, "ही काय. त्याच पिनीत ववली. म्हंजी एकच पिन सांबाळायची, डोक्याला ताप न्हाई."

"साखळी वेगळी हवी."

"वेल्डिंगवाला गावाला गेलाय. आला की करून देतो." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "साहेब लई घाबरत्यात."

मी घाबरत होतोच. त्या क्लिपला मी त्या दिवसापासून मनातल्या मनात नमस्कार करत आलो आहे. निघायच्या सकाळी केडगावात, सोसायटीच्या गेटसमोर, मी खाली वाकून ती बघितली. होती. पुन्हा एकदा बघितली. तेव्हाही होती. मग आई म्हणाली, आता बाजूला हो, पूजा करू दे.

आईने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबू-मिरचीचं खातं तिने त्यापासून वेगळं ठेवलं आहे. हळद-कुंकू झालं, नारळ झाला, मोरांच्या कपाळालाही एकेक टिकली झाली. मी तेवढ्यात वर जाऊन गॅस बंद आहे का ते बघून आलो, बाबांसाठी. बाबा येणार नव्हते. घर असताना बाहेर झोपायला जाणं त्यांना पटत नाही.

खाली आलो तर सामानावरून वाद चालला होता. आईने कुकर, पिठाचा डबा आणि लोखंडी खलबत्ता आणला होता.

"आई, आपण मुळा धरणाच्या कडेला दोनच दिवस राहणार आहोत," रुचा म्हणाली.

"मग दोन दिवस चटणी नको का?"

"बरं, पण जड सगळं पुढे ठेवा, दांडीच्या बाजूला. मागे जड झालं की ट्रेलर शेपटी हलवतो."

"हे बरोबर आहे," आई म्हणाली. तरफ हा तिचा आवडता धडा. तिने खलबत्ता अगदी नाकाशी नेऊन ठेवला आणि नवी लिंबू-मिरची गाडीतल्या आरशाला अडकवली. आम्ही निघालो.

हमरस्त्याने धरणाजवळच्या राहुरीला सरळ जाता आलं असतं. पण ऑफ-रोड ट्रेलर हमरस्त्याने नेणं रुचाला अपमान वाटला, म्हणून वांबोरी घाट. घाट सुरू व्हायच्या आधी चहाला थांबलो, तेव्हा आईने समोरचं वळण बघितलं आणि कप खाली ठेवला.

"मी पुढे बसून हे बघणार नाही."

"डोळे मीट," मी म्हणालो.

"मिटले की जास्त दिसतं. मी मागे ट्रेलरमध्ये पडते. पडदा ओढून."

"आई, चालत्या ट्रेलरमध्ये बसायचं नसतं," रुचा म्हणाली. "खरंच नसतं. कायद्यानेही."

"मी बसत नाहीये. झोपतेय." ती चढलीसुद्धा. आतून आवाज आला, "फोन चालू ठेवा. घाट संपला की सांगा. आणि मध्ये काही झालं तर सांगू नका."

मी गाडी चालवत होतो. रुचा शेजारी. फोन स्पीकरवर, डॅशबोर्डवर. उतार सुरू झाला तसा ट्रेलर मागून गाडीला हलके हलके ढकलायला लागला, रांगेत मागचा माणूस ढकलतो तसा. डावीकडे दरी. उजवीकडे डोंगर, ज्याच्यावरून दगड पडतात.

"अनीश, बाहेर काय आहे?"

"झाडं."

"कुठल्या बाजूला?"

"आई, तुला सांगायचं नाही असं ठरलंय."

"बरं. इकडे मस्त आहे. पाळण्यात असल्यासारखं. अधूनमधून खालून कट् कट् वाजतंय तेवढं."

मी रुचाकडे बघितलं. रुचा आरशाकडे बघत होती. आरशात नाही, आरशाकडे. लिंबू-मिरची झुलत होती. दोरा कुठेच नव्हता. लिंबातून आणि मिरच्यांमधून एक चकचकीत तार आरपार गेली होती आणि वरच्या बाजूला तिचा सुबक वळसा होता, आरशाच्या दांडीला नेमका बसेल असा.

रुचा अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, हा लिंबाचा आकडा छान आहे. कुठे मिळाला?"

"अगं, तिथे खाली लोंबत होता, दांडीपाशी. सुई घरी राहिली ना. एवढा चांगला आकडा नुसताच लोंबत होता. लिंबात मात्र पटकन जाईना, आधी चमच्याने भोक पाडलं."

मी ब्रेकवर पाय नेला.

"जोरात नको." रुचाने माझ्या मांडीवर हात दाबला. फोनच्या माइकवर तिने दुसरा हात ठेवला होता. "इथे उतारावर थांबलो आणि पिन निघाली, तर तो आपल्याला लागून दरीत जाईल. वळणापलीकडे थोडा चढ आहे, तिथे थांब. वजन मागे ओढेल, पिन आवळलेली राहील. हळू घे. खड्डा टाळ."

वांबोरी घाटात खड्डा टाळ. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. पहिल्यांदाच तिच्या वाट्याला काहीतरी आलेलं दिसत होतं.

मी वळण घेतलं. पहिला खड्डा टाळला. दुसरा टाळताना तिसऱ्याच्या कडेवरून गेलो. कट्. रुचाने माइकवरचा हात काढला.

"आई," मी म्हणालो, "पुढच्या बाजूला सरक. खलबत्त्याजवळ. आणि काहीतरी धर."

"का?"

"असंच."

"असंच कुणी धरतं का?"

"धर ना गं."

मग तिचा आवाज आला, बदललेला, वर्गात कुणी पडल्यावर यायचा तसा. "धरलं."

वळण संपलं, चढ लागला. मी पाय उचलला. गाडी हळू झाली. एवढ्यात रस्ता खोदून बुजवलेल्या पट्ट्यावरून मागचं चाक गेलं. आवाज मोठा नव्हता. कुणी पेल्यात चमचा टाकावा तसा. आणि गाडी एकदम हलकी झाली.

"आता छान चालवतोयस," आई फोनवर म्हणाली. "हलायचं थांबलं."

आरशात ट्रेलर लहान होत होता.

तो पुढे येत नव्हता. मागे जात होता. चढावरून, वळणाकडे, जिथून आम्ही आत्ताच आलो होतो आणि जिथे आता डावी-उजवी बदलली असली तरी दरी तिथेच होती. मी गाडी थांबवून उतरलो आणि धावायला लागलो. एवढ्या वेगाने मी आयुष्यात धावलो नाही, आणि तरी ट्रेलर माझ्यापेक्षा जास्त निवांत होता. गाडीतून फोनचा आवाज येत राहिला, "अनीश? अरे, आपण उलटे का जातोय?"

मग ट्रेलरचं नाक खाली बसलं. कुकर, पिठाचा डबा, लोखंडी खलबत्ता आणि माझी आई, सगळं पुढे होतं. दांडी डांबरावर आपटली, करकरत ओढत गेली, रस्त्यावर पांढरी रेघ काढत. ठिणग्या उडाल्या. ट्रेलर हळू झाला, आणखी हळू झाला आणि मोरांच्या बाजूने कठड्याला टेकला. त्या जागी कठडा होता. चार पावलं इकडे तो नव्हता.

मी पोचून चाकांना दगड लावले. पहिला दगड माझ्याच पायावर पडला. मग दार उघडलं. आई गादीच्या पुढच्या टोकाला मुटकुळं करून बसली होती, दोन्ही हातांनी खलबत्ता कवटाळून. सगळ्या अंगावर पीठ.

"संपला घाट?" तिने विचारलं.

"नाही."

तिने पलीकडच्या खिडकीचा पडदा बाजूला केला. खिडकीत पलीकडे काहीच नव्हतं, म्हणजे खाली खूप काही होतं. तिने ते बराच वेळ बघितलं. मग पडदा नीट ओढून घेतला, माझ्या खांद्याला धरून उतरली, आणि रस्त्यातच बसली. मीही बसलो. आमच्या दोघांचे दात वाजत होते, पण वेगवेगळ्या तालात.

रुचा चढावरून खाली आली. तिच्या एका हातात रस्त्यावर सापडलेली पिन होती, दुसऱ्यात लिंबू-मिरची. तिने दोन्ही आईसमोर धरल्या.

आईने पिनेकडे बघितलं. तिच्या खालच्या भोकाकडे बघितलं. मग लिंबाकडे. तिचे ओठ हलले, जसे फळ्यावरचं चुकलेलं गणित मनात पुन्हा करताना हलायचे.

"तो आकडा नव्हता," ती म्हणाली.

"नाही," रुचा म्हणाली.

"मला विचारायला हवं होतं."

"मी दाखवायला हवं होतं."

आईने लिंबू आणि मिरच्या तारेवरून ओढून काढल्या, क्लिप ओढणीला पुसली आणि रुचाच्या हातात दिली. लिंबू तिने पर्समध्ये टाकलं. ते कशासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गाडी मागे आणून, दांडी उचलून, तिघांनी मिळून ट्रेलर जोडला. क्लिप रुचाने बसवली. मग तिने तंबूचा दोर काढून ट्रेलर वेगळा बांधला, पिनेशी संबंध नसलेल्या जागी. वांबोरीत आधी वेल्डिंगवाला गाठायचा, असं ठरलं. तोवर ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही.

मी चालवायला बसलो आणि पाय पेडलवर राहीना. रुचाने मला मागच्या सीटवर पाठवलं. पुढचं दार उघडून आई तिच्या शेजारी बसली.

"आई, तुम्ही मागे बसा, अनीशशेजारी. दिसणार नाही काही."

"दिसू दे," आई म्हणाली. "न बघितल्यावर काय होतं ते बघितलं." तिने पट्टा लावला, मग दोनदा ओढून बघितला.

गाडी सुरू झाली. मी डोळे मिटले. आई म्हणाली होती ते खरं होतं, मिटले की जास्त दिसतं.

"आई," मी मागून विचारलं, "बाहेर काय आहे?"

"वळण." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "उजवीकडे डोंगर. डावीकडे दरी आहे. खोल आहे."

"मग?"

"मग एक खड्डा. रुचा, हळू." गाडी हळू झाली, मागून आवाज आला नाही. "आता झाड आहे. बाभूळ. पुढचं सांगते, थांब."