परक्यांचं सुतक

"शिवू नको मला, सुतक हाय," हरेश्वर दारातच म्हणाला, तशी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आलेली तुळशी जागीच थबकली.

नवरा वर्षभराने घरी आला होता. माणगावहून एसटीने दिघीला उतरून, डोक्यावर ट्रंक घेऊन कोळीवाड्यापर्यंत चालत आला होता. कोण गेलं असेल, म्हणून तुळशीने सासर-माहेरची सगळी माणसं मनात आठवून घेतली. धाकटा दीर सदा हातातलं जाळं टाकून धावत आला. हरेश्वर ओट्यावर टेकला आणि म्हणाला, गेलेल्यांची नावं मलाही ठाऊक नाहीत.

हरेश्वर परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशांचा स्वयंपाकी होता. बोट दुरुस्तीसाठी हँबुर्गला अडकली, तेव्हा तिथल्या एका पाद्र्याने चार-पाच खलाशांना मोटारीतून फिरायला नेलं. हरेश्वरला वाटलं, किल्लाबिल्ला असेल. निघालं भलतंच. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात तिथल्या सरकारने माणसं कोंडून, उपाशी ठेवून मारली होती. बाया आणि तान्ही पोरंसुद्धा. आता माळावर गवताने झाकलेले लांबच लांब ढिगारे होते आणि प्रत्येकावर खाली किती माणसं आहेत तेवढा आकडा. नाव एकाचंही नव्हतं. यांचे दिवस कोणी घातले, असं त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं. पाद्री म्हणाला, घालणारेही याच ढिगाऱ्यांखाली आहेत.

बाकीचे बघे टोप्या काढून उभे राहिले. हरेश्वरने मात्र वाकून मूठभर माती उचलली आणि ढिगाऱ्यावर टाकली. हात आपसूक गेला. इथेच सगळा घोळ झाला. कारण या कोळीवाड्याची जुनी रीत अशी, की किनाऱ्याला लागलेल्या बेवारशी मड्याला जो मूठमाती देईल, त्याने दहा दिवस सुतक धरायचं. बोटीवर ते जमणार नव्हतं. स्वयंपाक्यानेच चूल सोडली तर खलाशांनी काय खायचं? म्हणून घरी येऊन तो ते फेडणार होता.

पण दहावा नेमका नारळी पुनवेला येत होता. परदेशी चुलीपुढे उभी हयात घालवून हरेश्वरने नवी होडी बांधून घेतली होती आणि ती त्याच दिवशी पाण्यात लोटायची होती. सुतकात दर्याला नारळ वाहता येत नाही. सगळ्यांबरोबर होडी लोटली नाही, तर ठरवलेले गडी दुसऱ्यांच्या होड्यांवर जाणार आणि हंगाम हातचा जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बुधाजी पाटील समजूत घालायला आले.

"तू बघायला गेलेला पाव्हना. पाव्हन्याला कसला सुतक?"

"माती मी टाकली, पाटील."

"ती रीत आपल्या किनाऱ्याला लागलेल्या मड्याची हाय."

"मग आपन त्या मड्याला गाव इचारतो काय? जात इचारतो? यांना कशाला इचारू?"

पाटील रागावून निघून गेले. सदाही भडकला. मेलेल्यांसाठी जित्यांच्या पोटावर पाय देतोस, म्हणाला. ते खोटं नव्हतं. हरेश्वरने ते ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाला, "त्यांना नुसता मोजून पुरला, सदा. मानूस म्हनून त्यांचा सुतक कुनीतरी धराया नको? होडी राहू दे वाळूत."

दोन दिवस तुळशी ताट दुरूनच सरकवून आत जात होती. तिसऱ्या दिवशी तिने कुंकू न लावता त्याच्यापुढे अळणी भात ठेवला. गडी एकेक करून सोडून गेले.

पुनवेला किनाऱ्याच्या एका टोकाला बँड, पताका आणि सोन्याचा नारळ होता. दुसऱ्या टोकाला हरेश्वर डोकं भादरून पिंडापुढे बसला होता. वाजपाच्या आवाजाने कावळा फिरकत नव्हता. दर्भाचा कावळा करून शिवव आणि मोकळा हो, असं भटाने सुचवलं. निदान दुपारच्या भरतीला तरी होडी लोटता आली असती.

"न्हाय," हरेश्वर म्हणाला. "त्यांनी कुनाची तरी लई वाट बघितली. आता मी बघतो."

होड्या एकामागून एक खाडीबाहेर पडल्या. तुळशी येऊन त्याच्याशेजारी वाळूत बसली. दुपारी भरतीचं पाणी नव्या होडीच्या बुडापर्यंत चढलं आणि ती हलायला लागली. सदाने कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिला दोराने खुंटाशी घट्ट बांधलं, मग ओल्या अंगानेच वर येऊन तो भावाच्या मागे मांडी घालून बसला.