कोंडिबाची उगवण

कोंडिबा उन्हाळ्यात गेला, आणि त्याचे कपडे नदीला सोडायचे की कुणाला द्यायचे यावरून भावकीत दोन तट पडले. त्याच्या बायकोने, मुक्ताबाईने, दोन्ही तटांना चहा पाजला आणि सगळे सदरे उचलून शेजारच्या लालबीच्या ओसरीवर नेले. तिथे बसून दोघींनी त्यांची गोधडी शिवली.

आता गोधडीत कापड घालायच्या आधी ते झाडायचं असतं, हे कारेगावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण कोंडिबाच्या खिशात कायम शाळूचे दाणे. मूठभर टाकायचा आणि दिवसभर चघळत हिंडायचा. धुण्याच्या वेळी मुक्ताबाई जन्मभर करवादली, "खिसं झाडून टाकत जावा की वो!" आता झाडायला कुणाची आडकाठी नव्हती, तर हातच उचलेना. दाणे तसेच राहिले आणि वरून धावदोरा पडला.

त्या गोधडीला वास होता. तंबाखू, घाम आणि युरियाचा. नाक खुपसलं की नवरा शेजारी घोरतोय असं वाटायचं. मुक्ताबाईला तेवढं बास होतं.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा रिवाज. सून राजनंदिनी कामाला वाघीण. सासूने कणगीमागे दडवलेली गोधडी तिने ओढून काढली, साबण लावून धोपटली आणि शेजारच्या कंपनीच्या तारेच्या कुंपणावर वाळत घातली. मुक्ताबाईने जाऊन नाक खुपसलं, तर लिंबाच्या साबणाचा वास! नवरा दुसऱ्यांदा गेला म्हणायचा. ती सुनेशी बोलेनाशी झाली, गोधडी आणायलाही गेली नाही. त्यात पावसाने रिपरिप लावली.

घटातलं धान वर आलं त्याच सकाळी लालबी धापा टाकत आली.

"मुक्तावैनी, चला लवकर. भावजी उगवल्यात!"

गोधडीतून हिरवेगार कोंभ बाहेर आले होते. जिथे जिथे खिसा, तिथे तिथे दाट. कंपनीचा वॉचमन ट्रक अडवायचे सोडून हात जोडून उभा होता.

"माताजी, ये कौन से भगवान हैं?"

"भगवान कशाचं? मालक हायेत माझं," मुक्ताबाई म्हणाली.

मग गाव लोटलं. सोसायटीचे चेअरमन साहेबराव यांना सत्काराशिवाय दिवस जात नाही. त्यांनी गोधडीलाच शाल पांघरली आणि नारळ कुणाच्या हातात द्यावा हे न कळून वॉचमनला दिला. पीकपाहणी करणाऱ्याने मोबाइलवर फोटो काढून गट नंबर विचारला. "उशाकडनं सांगू का पायथ्याकडनं?" लालबीने विचारलं. खत आता द्यावं की नंतर, यावरून भावकीत पुन्हा दोन तट पडले. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "जित्तेपणी कोंड्यानं एकदा वेळेवर पेरलं न्हाई. मेल्यावर बराबर हस्त नक्षत्र साधलं!" सगळे हसले. मुक्ताबाईही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. साबणाने धुऊनसुद्धा माणूस गेला नव्हता.

संध्याकाळी मुलगा सत्यजीत कंपनीतली शिफ्ट संपवून आला तो वैतागलेलाच.

"आई, लाईनवर समदी इचारत्यात, बाप किती वर आला म्हणून. आन् मुळ्यांनी गोधडी कुजंल. आत्ताच उपटून उन्हात टाकली तर वाचंल तरी."

त्याचं खोटं नव्हतं. कोंभ उपटले तर गोधडी राहणार होती, ठेवले तर जाणार होती. मुक्ताबाईने कुंपणाशी जाऊन गोधडीचं एक टोक धरलं.

"वाचवून काय पांघरू? साबण?" ती म्हणाली. "त्या टोकाला धर."

मायलेकांनी गोधडी अलगद उचलली आणि घरामागच्या वाफ्यात अंथरली. राजनंदिनीने पाण्याची बादली आणून ठेवली. मुक्ताबाईने पाणी घातलं, पण सुनेकडे पाहिलं नाही.

माघात कणसं भरली. तोवर सदरे मातीला मिळाले होते. खुरपताना एखादं बटण तेवढं हाताला लागायचं. पाखरांनी आपला वाटा नेला. उरलेली कणसं मुक्ताबाईने मळली, पाखडली, तर ओटीभर दाणे निघाले. साहेबराव प्रसाद मागायला आले, त्यांना तिने चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सत्यजीत कामावर निघाला, तेव्हा तिने त्याला दारात थांबवलं आणि त्याच्या युनिफॉर्मच्या खिशात, ओळखपत्राच्या मागे, मूठभर शाळू टाकला. तो खिसा तसाच ठेवून कामावर गेला. मग मुक्ताबाईने घटाच्या धुण्यानंतर पहिल्यांदा सुनेला हाक मारली.

"राजनंदिनी, ह्याचा सदरा धुशील तवा खिसा झाडू नगंस."

"न्हाई झाडायची, आत्या," राजनंदिनी म्हणाली.