दत्तारामांच्या घशातली भेंडी

दत्ताराम परब म्हणजे आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतलं माशांचं सर्वोच्च न्यायालय. बांगडा आजचा की कालचा, हा निकाल ते नुसत्या वासावर देत आणि त्यावर अपील नसे. पेडव्यासारखा काटेरी मासा अख्खा तोंडात घालायचा आणि थोड्या वेळाने ओठाच्या कोपऱ्यातून काटा उपसायचा, शिवण उसवावी तसा, ही त्यांची खासियत. मालवणी माणसाच्या घशात काटा अडकत नाही. अडकलाच तर तो माणूस मालवणी नव्हे, असं ते चारचौघांत सांगत.

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चातल्या एका रविवारी चंद्रप्रकाश त्यांच्याकडे जेवायला आला. त्यांच्या मुलीने, अनुपमाने पसंत केलेला मुलगा. अकोल्याचा, बँकेत नोकरी, स्वभावाने गरीब. दोष एकच, शाकाहारी. दत्तारामांचा होकार अडला होता तो एवढ्यावरच. शेजारी म्हणून मलाही पंगतीला बसवलं होतं. अशा वेळी साक्षीदार लागतो.

रत्नप्रभावहिनींनी चंद्रप्रकाशला वेगळ्या ताटात बटाट्याची आणि भेंडीची भाजी वाढली. थोडी भेंडी दत्तारामांना आणि मलाही. दत्तारामांनी मुलाच्या ताटाकडे सांत्वनाला आल्यासारखं पाहिलं, एक पेडवा तोंडात घातला आणि मासा कसा खावा यावर व्याख्यान सुरू केलं. ते अर्ध्यातच थांबलं.

वहिनींनी काय झालं म्हणून विचारलं.

"काय नाय," दत्ताराम डोळे पुसत म्हणाले. "भेंडी लागली घशाक."

भेंडीवर उपाय म्हणून त्यांनी कोरड्या भाताचे चार गोळे गिळले. मग केळं. शेजारच्या शेवंतीबाईंनी आणखी एक केळं पाठवलं, तेही गेलं. भेंडी मात्र जागची हलेना. शेवटी थुंकीसुद्धा गिळवेना, तेव्हा चंद्रप्रकाश खाली जाऊन रिक्षा घेऊन आला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी आधी भात-केळ्यांवरून त्यांना झापलं. रुतलेली वस्तू त्याने आणखी आत जाते, आणि भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट आडवं येतं. मग एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही.

"नक्की काय खाल्लंत?"

"भेंडी."

"सतरा वर्षांत भेंडी अडकलेला माणूस माझ्याकडे आला नाही," बाई म्हणाल्या. भाजीच असेल तर ओरखडा असेल, गुळण्या करा आणि घरी जा. काटा असेल तर मात्र सोडता येणार नाही. काटा एक्स-रेत दिसतोच असं नाही, आणि राहिला तर आत पू होतो. "काटा आहे का?"

दत्तारामांनी माझ्याकडे पाहिलं. मग चंद्रप्रकाशकडे. त्यांच्या घशापर्यंत जे आलं होतं ते काट्याच्याच शेजारी अडकलं. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळेना.

"काटा आहे, डॉक्टर," चंद्रप्रकाश म्हणाला. "चूक माझी. मला पेडवा वाढला होता, मला खायचा नव्हता. काकांचं लक्ष नाही बघून मी तो त्यांच्या भाताखाली सरकवला. त्यांना काही कल्पनाच नव्हती."

मी त्याच्या शेजारीच जेवायला बसलो होतो. त्याच्या ताटात पेडव्याचं शेपूटसुद्धा आलं नव्हतं. दत्तारामांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं आणि आपणहून आ वासला.

बाईंनी कपाळावरचा आरसा सरळ केला, एक लांब चिमटा आत घातला आणि टॉन्सिलशेजारून काटा अलगद बाहेर काढला. दत्तारामांनी तो ट्रेमध्ये निरखून पाहिला, मासा ताजा होता असं सांगितलं, आणि आम्ही निघालो.

परतीच्या रिक्षात ते मधे बसले होते. स्टेशनचा पूल आला.

"येत्या रविवारी आवशी-बापाशीक घेऊन ये," ते चंद्रप्रकाशला म्हणाले. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच, "आणि तू पेडवो सरकवलंस ता त्यांका सांगू नको. उगाच तुझी अब्रू जातली."